दोन मास्तरांची अयुत्थया

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहेच, की मी कुठेही निघालो तरी पहिले जकातनाके आमच्या पेन्शनर मंडळींच्या कट्ट्यावर लागते. काशीला निघालो तेव्हा मंडळींनी गंगेच्या गडव्यांची यादी हाती दिली होती. या खेपेस ‘भाच्याकडे बँकॉकला चाललो आहे’ असे म्हटले मात्र, आणि कट्ट्यावर एकदम शांतता पसरली. मग दोन-तीन खोकले ऐकू आले. ते काही सर्दीचे नव्हते. एकाने चष्मा पुसत विचारले, "वहिनींना सांगितलंय का?"

"त्याही येताहेत."

"मग कशाला जाता?"

मला मनापासून राग आला. माझ्या डोक्यातला सयाम देश निराळा होता. एकतीस वर्षे मी शाळेत इतिहास आणि संस्कृत शिकवले. बृहत्तर भारताचा विषय निघाला, की मी फळ्यावर नकाशा काढी आणि कलिंगाच्या व चोळांच्या किनाऱ्यावरून पूर्वेकडे खडूचे बाण ओढी. एक बाण कंबोजाला, एक जाव्याला, एक सयामला. बाण सगळे इकडून तिकडे जात. तिकडून इकडे येणारा एकही काढल्याचे मला आठवत नाही. "मुलांनो, ही सगळी आपलीच मंडळी!" असे म्हणून मी हात झाडी. तेव्हा खरे सांगायचे तर, २०२४ च्या दिवाळीनंतर मी निघालो तो प्रवासी म्हणून नव्हे. एखादा खोत कुळाकडचे लांबचे शेत बघायला निघावा, तसा निघालो.

विमान उतरले त्या तळाचे नावच सुवर्णभूमी. खोत खूष! पण भाच्याने गाडीतच पहिला धक्का दिला. "मामा, हे लोक लिहितात सुवर्णभूमी आणि वाचतात सुवन्नफूम." संस्कृतातून आलेल्या शब्दांची मूळ अक्षरे त्यांनी लिपीत जपून ठेवली आहेत, पण जीभ आपलीच चालवली आहे. जे अक्षर उच्चारायचे नाही त्याच्या डोक्यावर एक बारीकशी खूण करतात. म्हणजे अक्षर पाहुण्यासारखे बसून राहते, बोलत मात्र नाही. वारांची नावे पाहा: आदित्य, चंद्र, अंगार, बुध, बृहस्पती, शुक्र, सौर. सगळी आहेत, पण शुक्राचा उच्चार ‘सुक’ आणि चंद्राचा ‘चान’. टेलिफोनला ‘थोरसप’ म्हणतात, तो आपला दूरशब्द. सरकार म्हणजे ‘रत्थबान’, राष्ट्रपाल. आणि वेळेला म्हणतात ‘वेला’! सौ. म्हणाल्या, "चला, एक शब्द तरी मला शिकायला नको."

शहराचे नाव बँकॉक, हेही आपले बाहेरच्यांचे. ते लोक म्हणतात क्रुंगथेप, म्हणजे देवांची राजधानी. संपूर्ण नाव जगातल्या सर्वांत लांब ग्रामनामांत मोडते. अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी, विमान, अवतार, विष्णुकर्मा अशी सारी वरात त्यात आहे. भाच्याने ते कागदावर लिहून दिले आणि मी विष्णुसहस्रनाम म्हणावे तसे म्हटले. शेजारच्या थाई बाईंना एक अक्षर कळले नाही.

दिवाणखान्यातल्या कॅलेंडरावर साल होते २५६७. बुद्धाच्या निर्वाणापासूनची ही गणना. आपल्या इसवी सनात ५४३ मिळवायचे. सौ.नी लगेच स्वतःच्या जन्मसालात मिळवून पाहिले आणि कॅलेंडर उलटे करून ठेवले.

भेटल्यावर हात जोडून ‘सवत्दी’ म्हणायचे. ही तर आपली ‘स्वस्ति’! मी विजयी मुद्रेने भाच्याकडे पाहिले. तो म्हणाला, "मामा, हा शब्द प्राचीन नाही. चुलालोंगकोर्न विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाने विसाव्या शतकात संस्कृतावरून घडवला आणि १९४३ साली सरकारने तो चालू केला." म्हणजे आपल्याकडे ‘महापौर’ घडला तसाच. माझ्या फळ्यावरच्या बाणाचे टोक इथे पहिल्यांदा वाकले. आम्ही काही नेऊन दिले नव्हते. हे लोक आपण होऊन बाजारात आले होते, पारखून माल घेऊन गेले होते.

वाक्याच्या शेवटी बायका ‘खा’ म्हणतात आणि पुरुष ‘ख्रप’. हे मला कोणी सांगितले नाही. दोन दिवस मी भेटेल त्याला मोठ्या आदबीने ‘सवत्दी खा’ म्हणत होतो आणि लोक मोठ्या आदबीने हसू दाबत होते.

आता मुख्य माणसाकडे येतो. भाच्याच्या कचेरीत एक थाई बाई काम करते. तिचे वडील माझ्यासारखेच निवृत्त इतिहास-शिक्षक. शिक्षकाला थाई भाषेत ‘ख्रू’ म्हणतात. ‘गुरू’ शब्दाचेच हे तिथले रूप. मी त्यांना गुरुजीच म्हणू लागलो. चाओ फ्राया नदीच्या पश्चिमेला थोनबुरी भागात एका कालव्याच्या काठी त्यांचे लाकडी घर आहे. आम्ही चकल्यांचा आणि करंज्यांचा डबा घेऊन गेलो. गुरुजींचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी एकाच इयत्तेतले निघाल्यामुळे संभाषण सुरेख चालले. घरच्यांनी चकली तिखट चटणीत बुडवून खाल्ली. ही सुधारणा मी पुण्यात आणणार आहे.

तेवढ्यात गुरुजींची सहा वर्षांची नात पुढे आली आणि तिने दोन्ही हात जोडून, मान लववून मला नमस्कार केला. काय गोड पोर! मी नेहमीच्या सवयीने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटले, "औक्षवंत हो."

घर एकदम गप्प झाले. पोरगी आजीच्या मागे सरकली. आजीबाईंच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच होते, पण कोणी सरबताचा पेला पुढे करता करता थांबावे तसे ते थांबले होते. सौ.ना काही तरी कळले. त्यांनी घाईघाईने करंजीचा विषय काढला.

परतताना होडीत भाच्याने सांगितले. मस्तक हा देहाचा सर्वांत पवित्र भाग; तिथे परक्याने हात लावायचा नसतो. आणि पाय सर्वांत हलके, म्हणून ते कोणाकडे, विशेषतः बुद्धमूर्तीकडे, करून बसायचे नाही. दुसरे मला पटलेच. पण पहिले? आमच्याकडे म्हाताऱ्याने मुलाला द्यायचे तर आणखी असते काय? "मी आशीर्वाद दिला," मी म्हणालो. "हो मामा, पण तो तुमच्या भाषेत दिलात," भाचा म्हणाला. रात्रभर मला झोप आली नाही. हात नुसता जड वाटत होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः आम्हांला राजवाड्याच्या आवारातले वात फ्रा केओ दाखवायला आले. कालचा विषय त्यांनी काढला नाही. हे पाचूच्या बुद्धाचे मंदिर. मूर्ती पाचूची नाही, हिरव्या दगडाची आहे. उंची सुमारे ६६ सेंटिमीटर. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तीन पोषाख तिला आहेत आणि ऋतू पालटला की खुद्द राजा ते बदलतो. आपल्याकडे विठोबाला थंडीत शाल असते, त्यामुळे सौ.ना यात काहीच नवल वाटले नाही. मूर्ती कुठून आणली, असे मी विचारले. गुरुजी जरा थांबून म्हणाले, "लाओस देशातून. दोनशेवर वर्षे ती तिथे होती. १७७९ साली आमच्या सैन्याने व्हिएन्तियान जिंकले आणि ती आणली. वर्गात हे मी सांगत असे, पण जरा हळू आवाजात." मास्तरांचा हळू आवाज मला चांगला ओळखीचा आहे.

मंदिराभोवतीच्या ओवरीत भिंतींवर सगळे रामायण रंगवलेले आहे, १७८ चित्रे. इथे मी गुरुजींना बाजूला सारून स्वतःच मार्गदर्शक झालो. हा राम, हा लक्ष्मण, हा सेतू. पुढे सेतूपाशी पांढराशुभ्र हनुमान एका मत्स्यकन्येशी लगट करताना दिसला. मी थबकलो. गुरुजींनी शांतपणे सांगितले: ही सुवन्नमच्छा, रावणाची मुलगी. सेतूचे दगड ती पळवीत होती; हनुमानाने तिला गाठले आणि मग दोघांचे प्रेम जमले. त्यांना मच्छानु नावाचा मुलगा झाला. त्यांच्या रामकियेन ग्रंथात हनुमान मोठा रसिक आहे आणि सीता ही रावणाचीच टाकून दिलेली मुलगी आहे.

"चुकीचं आहे हे!" मी म्हणालो. आवाज वर्गातला लागला असावा, कारण दोन जपानी प्रवासी वळून बघू लागले. "आमचा मारुती ब्रह्मचारी आहे."

"अहो," मागून सौ. म्हणाल्या, "आणि मकरध्वज कोणाचा?"

वाचकहो, बायकोने लहानपणी आजीकडून कथा ऐकलेल्या असणे ही इतिहास-शिक्षकाच्या संसारातली मोठी आपत्ती आहे. मारुतीचा घाम समुद्रात पडला, तो मगरीने गिळला आणि मकरध्वज जन्मला, ही कथा आपल्याकडे कोणाला ठाऊक नाही? सीता रावणाची कन्या, हे तर काही जैन रामायणांतही आहे. मी ती वाचली होती. फक्त चारचौघांत काढीत नव्हतो. गुरुजींनी मकरध्वजाची गोष्ट सौ.कडून दोनदा ऐकली आणि खिशातल्या वहीत टिपून घेतली.

मग त्यांनी ग्रंथाची हकिगत सांगितली. १७६७ साली ब्रह्मी फौजांनी राजधानी अयुत्थया जाळली, तेव्हा ग्रंथभांडारेही गेली. पुढे १७८२ साली चक्री घराण्याचा पहिला राजा गादीवर बसला. त्याने बँकॉक वसवले, आणि कवींना हाताशी घेऊन रामकथा नव्याने लिहून काढली. ती १७९७ ची. म्हणजे राज्य उभे करताना या माणसाने तट, मंदिर आणि रामायण अशी तीन बांधकामे काढली. त्या घराण्यातल्या राजांना राम पहिला, राम दुसरा असे आकडे आहेत. २०१६ साली गादीवर आलेले महाराज हे दहावे राम. खोताच्या मनात तिथे पहिल्यांदा कूळकायदा आला. जळालेल्या शेतात ज्याने पुन्हा नांगर धरला, दोनशे वर्षे राखण केली, त्याच्या बांधावर उभे राहून मी सातबारा मागत होतो! कसेल त्याची जमीन. मग राम कोणाचा?

अयुत्थयेला गुरुजींबरोबर आगगाडीने गेलो. त्या दिवशी पहाटेच त्यांच्या घरी पोचलो होतो, तेव्हा एक दृश्य पाहिले ते सांगितलेच पाहिजे. भगव्या वस्त्रांतला एक तरुण भिक्षू अनवाणी, हातात पात्र घेऊन कालव्याच्या काठाने आला. आजीबाईंनी पायातले काढले, गुडघे टेकले आणि त्याच्या पात्रात भात घातला. तो मागत नाही, आभार मानत नाही. आभारी असते ती देणारी. या भिक्षेला ते ‘बिन्थबात’ म्हणतात, म्हणजे पिंडपात. माझ्या वडिलांनी पुण्यात माधुकरी मागून शिक्षण केले. ते सांगत, की काही घरी वाढणारीचा हात वरून येई आणि काही घरी समोरून. आजीबाईंचा हात खालून आला होता. मी सौ.कडे पाहिले नाही. त्यांनीही माझ्याकडे पाहिले नाही.

गुरुजीही तरुणपणी एका पावसाळ्यात तीन महिने भिक्षू होते. चातुर्मासासारखाच हा वर्षावास. पुष्कळ थाई पुरुष आयुष्यात एकदा तरी थोडे दिवस चीवर घेतात आणि पुन्हा संसाराला लागतात.

अयुत्थया बँकॉकच्या उत्तरेला, सुमारे ८० किलोमीटरवर. १३५१ साली वसली आणि चारशे सोळा वर्षे राजधानी होती. आता सगळीकडे तांबड्या विटांचे अवशेष. आमचे पानिपत १७६१ चे, यांचे १७६७ चे. पण पानिपतावर आमचे सैन्य गेले, पुणे उभे होते. यांचे पुणेच गेले. नंतर ताकसिन नावाच्या सरदाराने, आपल्या माधवरावांसारखे, मोडलेले पुन्हा उभे केले. पंधराएक वर्षांत त्याचाही शेवट वाईट झाला.

वात महाथात नावाच्या मंदिरात बुद्धमूर्तींच्या रांगाच्या रांगा आहेत आणि बहुतेकांना मस्तकच नाही. पुढे एका झाडाच्या मुळांनी एक दगडी बुद्धमस्तक अलगद धरून ठेवलेले आहे. डोळे मिटलेले, ओठांवर मंद हसू. मी छायाचित्र घ्यायला पुढे झालो, तशी गुरुजींनी माझी बाही धरली आणि खाली बसण्याची खूण केली. त्या मस्तकापेक्षा आपले मस्तक उंच ठेवायचे नसते. माझे गुडघे कुरकुरत जमिनीला लागले. समोर ते मस्तक, मागे ती बिनमस्तकाची रांग, आणि मला त्या सहा वर्षांच्या पोरीचे केस हाताखाली आठवले. तिथे बसल्या बसल्याच मी गुरुजींना म्हटले, "परवा माझी चूक झाली."

"तुमच्याकडे तो आशीर्वाद असतो," ते म्हणाले. "भाच्याने माझ्या मुलीला सांगितलं." मग थोड्या वेळाने, जुन्या मास्तराच्या सुरात त्यांनी विचारले, "तुम्ही शाळेत मुलांना आमच्याबद्दल सांगत होता म्हणता. आमच्या राजांपैकी कोणाचं नाव सांगत होता?"

मी गप्प. एकतीस वर्षे, शेकडो मुले, आणि नाव एकही नाही. माझ्या बाणाच्या टोकाशी कोणी माणूस राहतो, हे मी फळ्यावर कधी लिहिलेच नव्हते. त्यांनी टोमणा मारला नव्हता. विद्यार्थ्याला येत नाही असे पाहून सांगायला लागावे, तसे ते सांगू लागले.

त्यांनी सांगितला तो राजा मोंगकुट. गादीवर येण्याआधी सत्तावीस वर्षे भिक्षू होता. पाली, लॅटिन, इंग्रजी शिकला, ज्योतिर्गणितात रमला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचे गणित त्याने स्वतः केले आणि समुद्राकाठी वाको नावाच्या जागी छावणी टाकून युरोपियन पाहुण्यांना बोलावले. ग्रहण गणिताबरहुकूम लागले. पण त्या दलदलीत राजाला हिवताप झाला आणि ऑक्टोबरात तो गेला. बरोबरचा चौदा वर्षांचा राजपुत्रही तापाने फणफणला, पण वाचला. तोच पुढचा राजा चुलालोंगकोर्न. १८७२ साली, अठराव्या वर्षी, तो हिंदुस्थान बघायला आला; कलकत्ता, दिल्ली, आग्रा, काशी आणि आपली मुंबईसुद्धा! गुलामगिरी त्याने टप्प्याटप्प्याने संपवली. शेवटचा कायदा १९०५ चा. एकीकडे ब्रह्मदेशात आणि मलायात इंग्रज, दुसरीकडे फ्रेंच. मधला हा एवढा देश पारतंत्र्यात गेला नाही. मात्र त्यासाठी १८९३ साली लाओसचा मुलूख फ्रेंचांना आणि १९०९ साली काही मलाय संस्थाने इंग्रजांना द्यावी लागली. गुरुजी म्हणाले, "डोकं राखायला बोटं दिली."

पुढचा, म्हणजे १९३२ साली अनियंत्रित राजसत्ता संपल्यानंतरचा, इतिहास त्यांनी भराभर आटोपला. लष्करी उठाव डझनभर झाले, शेवटचा २०१४ साली. राजाच्या अवमानाला तिथे पंधरा वर्षांपर्यंत कैद आहे. मी एक आगाऊ प्रश्न विचारला, तेव्हा गुरुजींनी आंब्यांचा विषय काढला.

पण ग्रहणाच्या तारखेने माझ्या डोक्यात घंटा वाजली. "१८ ऑगस्ट १८६८? अहो, तीच सावली त्या सकाळी आधी आमच्या कोकणावरून गेली! विजयदुर्ग किल्ल्यावर अजून साहेबाचे कट्टे दाखवतात." मी जमिनीवरच काडीने नकाशा काढला: विजयदुर्ग, मग जमखिंडी, गुंटूर, समुद्र, आणि वाको. बाण याही खेपेस इकडून तिकडेच गेला, पण तो आमचा नव्हता, सूर्याचा होता. गुरुजींनी वही काढली. "विजयदुर्ग," ते म्हणाले आणि थाई लिपीत लिहून त्यांनी मला विचारले, "बरोबर?" मला काय कळणार? मी मान डोलावली.

१५ नोव्हेंबरला आपली त्रिपुरी पौर्णिमा. तीच त्यांची लोय क्रथोंगची रात्र. दुपारपासून गुरुजींच्या अंगणात केळीच्या खुंटाच्या चकत्या, केळीची पाने आणि झेंडूची फुले यांचा ढीग पडला होता. पाने दुमडून कडेने पाकळ्या टाचायच्या, मध्ये फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती. द्रोण लावण्यात सौ.चा हात धरणारा आमच्या आळीत कोणी नाही. आजीबाईंनी त्यांची पहिली पाकळी पाहिली आणि मुकाट्याने टाचण्यांचा डबा त्यांच्याकडे सरकवला. दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. तिसऱ्या क्रथोंगपर्यंत त्या दोघी मिळून सुनांविषयी बोलत होत्या, अशी माझी खात्री आहे.

रात्री सगळे कालव्याच्या पायऱ्यांवर आले. हे दिवे फ्रा मे खोंगखा हिला वाहायचे. खोंगखा म्हणजे गंगा. आणि मागायचे काय? तर क्षमा. वर्षभर तुझे पाणी वापरले, घाण केली, माफ कर. हे ऐकून सौ. बराच वेळ दिवा हातात घेऊन उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या, "मी मुठेची मागितली."

मी मागे उभा होतो. चार दिवस ती नात माझ्यापासून हातभर अंतर राखून होती. आता ती एक क्रथोंग घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली. मी खाली बसलो. अयुत्थयेपासून गुडघ्यांना सवय झाली होती. तिने तो माझ्या दोन्ही हातांत ठेवला आणि बोटाने पाण्याकडे दाखवले. मेणबत्ती वाऱ्याने विझली, तर रागावून ती पुन्हा पेटवायला लावली.

परवा गुरुजींचे पत्र आले. म्हणजे भाच्याच्या फोनवरून आले. जानेवारीत ते आणि आजीबाई बोधगयेच्या यात्रेला येताहेत आणि त्यानंतर त्यांना विजयदुर्ग बघायचा आहे. मी कट्ट्यावर तारखा विचारून गाडीवाला ठरवला. सौ.ना काळजी लागली होती ती जेवणाची, कारण त्यांच्या स्वयंपाकात माशाच्या पाण्यावाचून पान हलत नाही आणि आमच्या घरात मासा शिरलेला नाही. मी म्हटले, कोकणात जातो आहोत, तिथे मासळीची ददात नाही. "ते झालं हो," त्या म्हणाल्या, "पण घरी दोन दिवस राहतील ना? त्यांना म्हणावं, चटणी येताना घेऊन या. चकल्या मी करते."